पुरुषदेहाची समलिंगी शृंगारचित्रे : माझ्या प्रेरणा कुठून आल्या

रेघोट्या :

नमस्कार. मागच्या महिन्यात माझ्या काही चित्रांवर येथे बोलणे झाले, तेव्हा दोघातिघांनी या चित्रांमागच्या प्रेरणा विचारल्या होत्या. उत्तर चार ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतो आहे.

मी टॅबलेटवर चित्रे काढतो. दिवसा शालेय पुस्तकांची आणि जाहिरातींची कामे असतात. रात्री जेवणे आटोपल्यावर जे काढतो ते मात्र पुरुषांचे देह असतात, आणि एका पुरुषाने दुसऱ्याकडे ज्या ओढीने पाहावे त्या ओढीने काढलेले असतात. इंग्रजीत याला होमोइरॉटिक म्हणतात. मराठीत मी ‘समलिंगी शृंगार’ असे म्हणतो, कारण शृंगार हा रस आहे. त्यात भेट येते तशी वाट पाहणेही येते, रुसवा येतो, आणि काही न बोलता शेजारी बसून राहणेही येते. नग्नता ही त्याची अट नाही. माझ्या निम्म्याहून अधिक चित्रांतले पुरुष पूर्ण कपड्यांत आहेत आणि तरीही पाहणाऱ्याला जे कळायचे ते कळते.

पहिली प्रेरणा सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण ती सर्वांचीच असते. कॉलेजात असताना टॉम ऑफ फिनलंडची चित्रे पाहिली. खरे नाव तोउको लाक्सोनेन (१९२०–१९९१). हा गृहस्थ हेलसिंकीत दिवसा जाहिरातसंस्थेत नोकरी करत असे आणि रात्री ही चित्रे काढत असे, हे कळल्यावर मला तो दूरचा नातेवाईकच वाटू लागला. १९५७ साली अमेरिकेतल्या ‘फिजिक पिक्टोरियल’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे लाकूडतोडे झळकले, आणि पुढे १९७३ मध्ये त्याने नोकरी सोडली. त्या मासिकावर व्यायामाचे आणि सुदृढ शरीराचे पांघरूण होते. आतले वाचक कोण आहेत हे संपादकाला ठाऊक होते, वाचकांनाही ठाऊक होते, आणि टपालखात्याला फक्त संशय होता. टॉमचे मला आवडले ते दंड आणि छात्या नव्हेत. त्याचे पुरुष हसतात. ज्या काळात त्यांच्या देशात हे सारे गुन्हा होते (फिनलंडमध्ये तो कायदा १९७१ साली गेला), त्या काळात त्याने काढलेल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर अपराध दिसत नाही. पुढे २०१४ साली त्याच फिनलंडच्या टपालखात्याने त्याच्या चित्रांची तिकिटे काढली.

दुसरी प्रेरणा तंत्राची. जे. सी. लायनडेकर (१८७४–१९५१) हा अमेरिकी चित्रकार. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ची ३२२ मुखपृष्ठे त्याच्या नावावर आहेत. १९०५ पासून पंचवीसेक वर्षे त्याने ॲरो कंपनीच्या शर्टांच्या कॉलरच्या जाहिराती रंगवल्या. त्या जाहिरातींतला देखणा पुरुष घराघरांत पोहोचला. तो पुरुष बहुतेक वेळा ज्याच्यावरून रंगवला जाई तो चार्ल्स बीच लायनडेकरचा जन्मभराचा सोबती होता. म्हणजे साऱ्या अमेरिकेतल्या गृहिणी ज्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या, त्याच्याकडे आधी एका पुरुषाने पाहिलेले होते. लायनडेकर रंग घोटून एकजीव करत नसे. चपट्या कुंचल्याचे तिरके, सुटे फटकारे तो शेजारी शेजारी ठेवी आणि मधली फट उघडी सोडी. टॅबलेटवर माझा हात तयार झाला तो त्याचे फटकारे गिरवताना.

इथपर्यंत सगळे ठीक होते. चित्रे सुबक होत होती, दादही मिळत होती. एके दिवशी माझ्या एका मित्राने पंचवीस-तीस चित्रे ओळीने पाहिली आणि तो म्हणाला, “यातला एकही माणूस स्वारगेटला उतरणार नाही रे.” ते खरे होते. रंग गव्हाळ केले होते, कपाळी गंध लावले होते, पण हाडे परकी होती. जबडा, खांदा, उभे राहण्याची तऱ्हा, सारे उसने होते. मी ज्यांच्यावर जीव टाकला त्यांपैकी कोणीही असा दिसत नव्हता, मग मी हे कोणाला काढत होतो?

त्या सुमारास चित्रकार भूपेन खक्करांकडे वळलो. ही तिसरी प्रेरणा. (१९३४–२००३, जन्म मुंबईचा, बालपण खेतवाडीतले, पेशाने सनदी लेखापाल, १९६२ पासून बडोदेकर.) त्यांचे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे १९८१ चे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. गच्चीच्या कठड्याशी एक नग्न पुरुष पाठमोरा उभा आहे आणि खाली गावात बाप, लेक आणि गाढव यांची आपल्या सर्वांना शाळेपासून पाठ असलेली गोष्ट चालली आहे. त्या पुरुषाची पाठ पाहा. तिला कोणत्याही व्यायामशाळेचा स्पर्श नाही. खांदे किंचित उतरलेले, कमरेला मांस, एखाद्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची असावी तशी पाठ. आणि तरीही ते चित्र पाहताना मला जे वाटले ते टॉमच्या शंभर चित्रांनी वाटले नव्हते. खक्करांच्या चित्रांतले पुरुष पिकल्या केसांचे असतात, ढेरपोटे असतात, ओशाळलेले असतात, आणि कोणीतरी त्यांच्यावर प्रेम करत असते. वर्षभर मी फक्त पोटे काढली. पोट काढणे अवघड असते; बसल्यावर पडणारी घडी, लेंग्याच्या नाडीचा वळ, बेंबीचा कोन, यांत जरा चूक झाली की चित्राचे व्यंगचित्र होते.

चौथे ठिकाण अजिंठा. क्रमांक एकच्या लेण्यातला पद्मपाणी पाहायला मी चार वेळा गेलो आहे. रुंद खांदे, कमरेशी निमुळते होत गेलेले अंग, एका बाजूला झुकलेली कंबर, उजव्या हातात कमळ, खाली वळलेली नजर. अंगावर एकही स्नायू वेगळा दाखवलेला नाही. सगळे काम रेषेचे आहे, आणि ती रेषा भुवईपासून बोटांपर्यंत कुठे तुटत नाही. तो बोधिसत्त्व आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्यावर मी भलते काही लादत नाही. पण पुरुषाचे सौंदर्य ताकदीवाचून दाखवता येते, आणि ते आपल्याच मुलखात पंधराशे वर्षांपूर्वी दाखवून झाले आहे, एवढे मी तेथून घेतले.

पाचवे तालमीचे. मी कोल्हापूरकडचा आहे, त्यामुळे लाल मातीचा हौद मला चित्रात आणावा लागत नाही, तो आपसूक येतो. सध्या ज्या चित्रावर काम चालू आहे त्यात कुस्ती लागण्यापूर्वीचा क्षण आहे. दोन पैलवान समोरासमोर वाकले आहेत आणि एक जण मूठभर माती दुसऱ्याच्या खांद्यावर चोळतो आहे. ज्याला पाडायचे त्याच्या अंगाला आधी आपल्या हाताने माती लावायची, यापेक्षा हळुवार कृती मी पुरुषांच्या जगात क्वचित पाहिली आहे. चित्र सोबत जोडले आहे. मते अवश्य द्यावीत.

—

कोरीव :

धागा आवडला. एक भर घालतो. अशा चित्रांचा इतिहास लिहिताना सगळे मायकेलअँजेलोपासून सुरुवात करतात आणि व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर त्याने कडेने रंगवलेल्या वीस नग्न तरुणांकडे बोट दाखवतात. मला मात्र त्याच्या रेखाटनांपेक्षा त्याच्या कवितांचे काय झाले ते अधिक बोलके वाटते. तोम्मासो दे काव्हालिएरी या तरुण सरदारासाठी त्याने १५३२ च्या आसपास रेखाटने करून दिली आणि कविताही लिहिल्या. त्या कविता १६२३ साली त्याच्या भावाच्या नातवाने छापल्या तेव्हा पुल्लिंगी सर्वनामे बदलून स्त्रीलिंगी केली. अडीचशे वर्षे लोक ती प्रेमगीते एका अनाम स्त्रीला उद्देशून लिहिलेली म्हणून वाचत राहिले. कवितेचे लिंग बदलायला एक अक्षर पुरते, चित्राचे तसे करता येत नाही. म्हणून चित्रे एक तर झाकली गेली किंवा त्यांना पुराणाचे, नाहीतर व्यायामाचे नाव दिले गेले.

अजिंठ्याच्या संदर्भात आणखी एक. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून तेरा वर्षे आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या नकला करून घेतल्या. त्यांपैकी पुष्कळ नकला लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. म्हणजे जी मुले वर्गात ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे काढायला शिकत होती, तीच मुले लेण्यात पद्मपाणीची कंबर गिरवत होती. तुमच्या हातात जी ओढाताण आहे ती दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्याही हातांत असणार.

—

रेघोट्या :

कोरीव, साच्यांचा मुद्दा नेमका आहे. जाता जाता आपल्याकडचा आणखी एक धागा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे तेच, आणि १९३२ साली अजिंठ्यावर सचित्र ग्रंथ काढणारेही तेच. सकाळी स्वतःचे शरीर कमवायचे आणि दुपारी बोधिसत्त्वाची मऊ रेषा न्याहाळायची, हे दोन्ही एका माणसात सुखाने नांदत होते. माझ्यात ते भांडतात.

—

अर्धविराम :

मी समलिंगी संबंधांच्या विरोधात नाही, हे आधी नोंदवतो. माझा आक्षेप तालमीच्या चित्राला आहे. तालमीत मारुतीची तसबीर असते, वस्तादांचा शब्द असतो, ब्रह्मचर्याचा दंडक असतो. तेथे लंगोटावर उभा असलेला माणूस स्वतःला दाखवण्यासाठी उभा नसतो. त्याच्या नकळत त्याच्याकडे शृंगाराच्या नजरेने पाहायचे आणि ते चित्र जगासमोर ठेवायचे, यात त्या माणसाचा विचार कुठे आहे? उद्या एखाद्या पुरुष चित्रकाराने नदीवर धुणे धुणाऱ्या बायकांची अशी चित्रे काढली तर याच धाग्यावर त्याला आपण काय म्हणू?

—

सुलभा_व :

धुणे धुणाऱ्या बायकांची चित्रे काढून झाली आहेत, अर्धविराम. शेकड्यांनी. ती दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आली, दिनदर्शिकांवर आली, आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेली होती, आणि त्या बायकांना कोणी विचारले होते काय, असा प्रश्न मी लहानपणी कोणाच्याही तोंडून ऐकला नाही. तुमचा आक्षेप चुकीचा आहे असे म्हणत नाही. तो पुरुषदेह समोर आल्यावर लगेच सुचला, एवढेच नोंदवते.

खक्करांच्या त्या चित्राबद्दल मला आणखी काही म्हणायचे आहे. त्यातला नग्न पुरुष पाहिला जातो आहे, पण तो स्वतःही पाहतो आहे. आपण त्याच्या पाठीमागे उभे आहोत आणि तो गावाकडे बघतो आहे. स्त्रियांच्या नग्नचित्रांत ही सोय फारशी नसते. तेथे ती आरशात स्वतःला पाहते, नाहीतर थेट तुमच्याकडे पाहून लाजते. रेघोट्या, तुमच्या जुन्या चित्रांतले पुरुष जाहिरातीतल्या बायकांसारखे होते, म्हणजे पाहणाऱ्यासाठी मांडून ठेवलेले. नव्या चित्रांत त्यांना काहीतरी काम आहे. मला ते बरे वाटते.

—

रेघोट्या :

सुलभाताई, ‘काम आहे’ हा शब्द मी आता चोरणार.

अर्धविराम, तुमचा प्रश्न मला टोचला, कारण तो एकदा मलाच पडलेला आहे. तीन वर्षांपूर्वी एका जत्रेच्या फडात बसून मी दोनेकशे छायाचित्रे काढली होती. सगळे सज्ञान, नावाजलेले मल्ल. हजारो लोक टाळ्या वाजवत होते आणि शेकडो मोबाइल चालू होते. तरीही घरी येऊन एका अनोळखी पैलवानाचा चेहरा जसाच्या तसा चित्रात उतरवला तेव्हा मला अस्वस्थ वाटले. तो तेथे कुस्तीसाठी आला होता, आणि मी त्याला माझ्या कहाणीत ओढले होते. ते चित्र मी कोठेही दिले नाही, आणि नंतर ती छायाचित्रेही पुसून टाकली.

आता माझी पद्धत अशी आहे. एक मित्र, वय चौतीस, पूर्वी हौशी कुस्ती खेळलेला, माझ्यासाठी बसतो. चित्र कशाचे आहे हे त्याला आधी सांगतो, तासाप्रमाणे मानधन देतो, आणि चेहरा बदलायचा की ठेवायचा हे तो ठरवतो. तो स्वतः समलिंगी नाही. पहिल्या दिवशी तो फार ताठ बसला होता, दुसऱ्या दिवशी त्याला झोप लागली, आणि त्या झोपेतल्या हाताचे रेखाटन आजवरचे माझे सर्वांत चांगले रेखाटन आहे (अर्थात तेही त्याला उठल्यावर विचारून ठेवले). लायनडेकरसुद्धा छायाचित्रावरून नव्हे, समोर बसवलेल्या माणसावरून काम करत असे. समोरच्या माणसाला तुमची नजर कळते आणि तो तिला उत्तर देतो. छायाचित्र उत्तर देत नाही.

या संदर्भात सुनील गुप्ता यांची ‘एक्झाइल्स’ ही १९८६-८७ ची छायाचित्रमालिका पाहावी. दिल्लीतले समलिंगी पुरुष, मागे इंडिया गेट किंवा एखादा जुना मकबरा, आणि बहुतेकांचे चेहरे वळलेले किंवा चौकटीबाहेर. त्या काळी चेहरा दिसणे धोक्याचे होते. पण पाठ, मान आणि हाताची ठेवण यांवरूनच ती माणसे इतकी ओळखीची वाटतात की चेहऱ्याची उणीव राहत नाही. ओळख न देता जवळीक कशी दाखवायची हे मी त्या चित्रांवरून शिकलो.

ब्रह्मचर्याविषयी एवढेच म्हणतो की माझ्या चित्रातले मल्ल काहीही मोडत नाहीत. ओढ माझी आहे, ती माझ्या नावाने चित्रात आहे.

—

कलमदान :

वकिलीच्या अनुभवावरून थोडेसे, कारण या विषयावर ‘हे कायद्यात बसते का’ हा प्रश्न येतोच. परस्परसंमतीने असलेले सज्ञानांचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा नाहीत, त्यामुळे विषय म्हणून तो निषिद्ध नाही. प्रश्न उरतो अश्लीलतेचा. जुन्या दंडसंहितेचे कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ झाले आहे, आणि आंतरजालावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागते. १९६५ पासून आपली न्यायालये व्हिक्टोरियन इंग्लंडमधली एक कसोटी वापरत होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सोडून समकालीन समाजाचे मापदंड लावायला सुरुवात केली. मुंबईत १९५४ साली चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर चित्रांसाठी खटला झाला आणि ते सुटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याच आणि गोव्यातल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या चित्रांवरची सीमाशुल्क खात्याची जप्ती रद्द केली आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, असे स्पष्ट म्हटले. याचा अर्थ काहीही चालते असा नाही. रेघोट्यांचे जोडलेले चित्र मात्र माझ्या मते कोणत्याही अर्थाने त्या कलमाच्या जवळपास जात नाही.

—

रेघोट्या :

आभारी आहे. कायद्यापेक्षा मला संकेतस्थळांचे नियम अधिक जाचतात. एका मोठ्या संकेतस्थळाच्या यंत्राने माझे एक चित्र काढून टाकले होते. चित्रात दोन पूर्ण कपड्यांतले पुरुष रेल्वेच्या बाकावर एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपलेले होते. दाद मागितली, उत्तर आले नाही. ते असो.

—

निळी_शाई :

दादा, मी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि डिजिटलच करतो. तुमच्या चित्रांतल्या त्वचेबद्दल विचारायचे आहे. मी सावळा रंग वापरला की अंग एक तर मातीच्या गोळ्यासारखे दिसते किंवा प्लास्टिकसारखे. तुमचे तसे होत नाही. कोणता ब्रश वापरता? आणि टॉम ऑफ फिनलंडविषयी तुम्ही जरा हात राखून लिहिले आहे असे वाटले. त्याचे सगळे पुरुष एकाच साच्यातले आहेत, हे तुम्हाला खटकत नाही का?

—

रेघोट्या :

दुसऱ्या प्रश्नाचे आधी सांगतो. खटकते. रुंद जबडा, अशक्य खांदे, गणवेश आणि बूट. त्या गणवेशांपैकी काही तर युद्धातल्या नाझींसारखे आहेत, आणि त्यावरून त्याला पुढे बरेच ऐकून घ्यावे लागले. त्याच्या काळात समलिंगी पुरुष म्हटला की दुबळा, रडका, कीव करण्याजोगा माणूस, असे एकच चित्र समाजापुढे होते. त्या चित्राच्या विरोधात त्याने लाकूडतोडे उभे केले. तो जोर मला समजतो. पण आज माझ्यासारख्याने तेच जबडे काढत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या भांडणातली शिवी आपल्या घरात द्यायची.

आता त्वचा. प्लास्टिक होते ते मऊ एअरब्रशमुळे. आपल्याकडे रघुवीर मुळगावकरांनी फवाऱ्याने रंगवलेले देव घरोघरी होते. तो गुळगुळीतपणा देवाला शोभतो, कारण देवाला घाम येत नाही. माणसाला तो लावला की माणूस खोटा होतो. मी टोकाशी कडक असलेला चपटा ब्रश घेतो, अपारदर्शकता फारशी कमी करत नाही, आणि बोटाने पुसण्याचे साधन तर यादीतूनच काढून टाकले आहे. एक फटकारा दिला की त्याच्या शेजारी दुसरा, वर नाही.

मातीचा गोळा होतो तो वेगळ्या कारणाने. आपण सावळी त्वचा म्हणजे गोऱ्या त्वचेत काळा मिसळायचा असे समजतो. प्रत्यक्षात गडद त्वचेतून विखुरून परत येणारा प्रकाश कमी असतो, म्हणून पृष्ठभागावरून थेट परतणारी झळाळी कितीतरी अधिक उठून दिसते. त्या झळाळीचा रंग त्वचेचा नसतो, प्रकाशाचा असतो. उघड्यावर असाल तर ती आकाशाची निळसर, ट्यूबच्या उजेडात हिरवट. जोडलेल्या चित्रात खांद्याच्या टोकावर जो फटकारा दिसतो तो जवळजवळ राखी-निळा आहे. सुटा पाहिलात तर तो त्वचेचा वाटणारच नाही. उलट हनुवटीखाली, दंडाच्या आतल्या बाजूला आणि बरगड्यांच्या खालच्या कडेला लाल मातीचा उजेड खालून वर येतो. तेथे सावलीत काळा न घालता विटकरी घाला. सावली ऊबदार आणि झळाळी थंड, एवढे साधले की अंग जिवंत होते. आणि कोपर, गुडघे, मान यांचा रंग छातीहून वेगळा असतो. स्वतःचा हात खिडकीशी धरून पाहा. एका हातात सहा रंग सापडतील.

—

हौदातला :

मी येथे सहसा वाचतो, लिहीत नाही. सांगली भागात अठरा वर्षे कुस्ती केली, आता शेती पाहतो. हा धागा माझ्या पुतण्याने दाखवला. काय म्हणून दाखवला ते त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

चित्राबद्दल दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. पहिली, कान चुकला आहे. कुस्तीत कान मोडतो तो वरच्या भागात. घासून घासून आत रक्त साकळते आणि कूर्चा घट्ट होते; वरची कड फुगते, भोक बारीक होते. खालच्या पाळीत हाड नाही की कूर्चा नाही, ती मोडत नाही, मऊच राहते. तुम्ही पाळीसुद्धा फुगवली आहे. माझे दोन्ही कान मोडलेले आहेत आणि दोन्ही पाळ्या लहानपणी होत्या तशाच आहेत.

दुसरी, माती. कुस्तीच्या आधी माती कोरडी असते, पिठासारखी. हळद, तेल, ताक घालून मळलेली असली तरी वरची सुटी राहते. ती खांद्यावर पुटासारखी बसत नाही, उडते. तुमच्या चित्रात कुस्ती झाल्यानंतरची माती आहे. घाम सुकला की छातीवरची माती झडते आणि कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत राहते, ती वेगळी.

तिसरी गोष्ट त्या हाताची. आपण समोरच्याला माती लावतो ती हात घसरू नये म्हणून. तेलकट अंग हाती लागत नाही. त्यात माया नसते, पकड असते, हे तुम्हाला माहीत असावे म्हणून लिहितो.

अर्धविराम यांना सांगायचे आहे की आम्हाला कोणी पाहत नव्हते असे नाही. वस्ताद पाहायचे, गाव पाहायचे, फडावर आलेली पाहुणे मंडळी दंड दाबून पाहायची. कोण कोणत्या नजरेने पाहतो हे लंगोट लावलेल्या माणसाला कळत नाही, असे कोणी समजू नये. विचारून काढतात हे वाचून बरे वाटले.

—

रेघोट्या :

दादा, नमस्कार. आपण लिहिलेत हे माझ्यासाठी फार आहे.

काल रात्री बसून कान पुन्हा काढला. पाळी मऊ केली आणि वरच्या कडेला एक कठीण, चकचकीत उंचवटा दिला. आता तो कान पाहिल्यावर हा माणूस किती वर्षे मातीत आहे ते कळते. खांद्यावरचे पूट काढले. त्याऐवजी मुठीतून सुटणारी कोरडी माती दोघांच्या मधल्या हवेत ठेवली आहे, आणि तिच्यामुळे मागच्या मल्लाचा चेहरा अर्धा झाकला गेला, जे मला आधी सुचले नव्हते.

हात तसाच ठेवला आहे. बोटांची ठेवण मात्र बदलली, आपण म्हणालात तशी पकडीची केली. अंगठा गळपट्टीच्या हाडाखाली रुतलेला आहे. नवे चित्र जोडतो. पुतण्याला माझा नमस्कार सांगावा.